मीनबुरीतला पत्ता

सलाम-दुआ झाली, अम्मींनी बांधून दिलेली आमसुले आणि सांदणाचा रवा आपाच्या हाती गेला, भाचा सामान उचलून आत घेऊन गेला. पाण्याचा ग्लास अजून ओठाला लागायचा होता, तोच दुल्हाभाई म्हणाले, "तुमचे पासपोर्ट द्या बघू."

आम्ही दोघे एकमेकांकडे पाहतच राहिलो. खेडहून रात्रीची बस, मुंबईत विमानतळावर तीन तास, मग विमान. आणि सख्ख्या बहिणीच्या घरी पोचल्यावर पहिली मागणी पासपोर्टची! दुल्हाभाईंनी मात्र शांतपणे पहिल्या पानाचा आणि विमानतळावर मारलेल्या शिक्क्याचा मोबाइलवर फोटो काढला आणि घरमालकिणीला पाठवून दिला. "चोवीस तासांच्या आत कळवायचं असतं," ते म्हणाले. "आमच्यासाठी तुम्ही पाहुणे. पण इथल्या कायद्यासाठी तुम्ही एका घरात उतरलेले दोन परदेशी."

२०२५ च्या मे महिन्यातली ही गोष्ट. शाळेला सुट्टी लागली होती आणि आपा पंधरा वर्षांपासून "या ना एकदा" म्हणत होती. दुल्हाभाई बँकॉकमधल्या एका शाळेत गणित शिकवतात. आपा घर सांभाळते, शेजारच्या मुलांना इंग्रजी शिकवते असे म्हणायचा मोह होतो, पण तसे म्हणता येत नाही; नवऱ्यावर अवलंबून म्हणून मिळालेल्या परवान्यावर पैसे घेऊन काम करायला तिथे मनाई आहे. ही पहिली गोष्ट आपाने आम्हाला हसत हसत सांगितली, पण बी.ए. झालेल्या बाईचे ते हसणे होते.

आम्हाला बँकॉक म्हटले की काचेच्या इमारती आणि समुद्रकिनाऱ्याच्या जाहिराती आठवायच्या. आपाचे बँकॉक निराळेच निघाले. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, आणि तिथून उत्तरेला जवळच तिचा भाग, मीनबुरी. मीन म्हणजे मासळी आणि बुरी म्हणजे पुरी. मासळीची नगरी! कोकणातल्या माणसाला परका मुलूख आपला वाटायला आणखी काय हवे? एके काळी हा स्वतंत्र प्रांत होता, १९३१ साली तो बँकॉकमध्ये सामील झाला. आजही गल्ल्यांच्या टोकाला भातखाचरे दिसतात, आणि मधून जातो सेन सेप नावाचा लांबच लांब कालवा. राजा तिसरा राम याच्या कारकिर्दीत, १८३७ साली तो खणायला सुरुवात झाली. पूर्वेकडे चाललेल्या लढायांसाठी सैन्य आणि रसद नेता यावी हा हेतू. त्याआधी १७८६ मध्ये सियामने दक्षिणेकडचे पत्तनीचे मलय मुस्लिम राज्य जिंकले होते, आणि तिथून कैद करून आणलेल्या माणसांना बँकॉकभोवती वसवले होते. या कालव्याच्या काठीही त्यांची वस्ती झाली. त्यांचीच नातवंडे-पणतवंडे आज मीनबुरी, नाँगचोक या भागांत शेती करतात, दुकाने चालवतात, सरकारी नोकऱ्या करतात. काठाकाठाने मशिदी आहेत. फज्रची अजान पाण्यावरून येते तेव्हा ती दाभोळच्या खाडीवरून आल्यासारखी वाटते.

घरमालकीण त्यांच्यातलीच. सत्तरीची विधवा बाई, डोक्याला रुमाल घट्ट बांधलेला, गालावर हसू. आपा तिला 'पा' म्हणते. थाई भाषेत आईवडिलांच्या थोरल्या बहिणीला पा म्हणतात. पहिल्याच संध्याकाळी पा एक मोठा डबा घेऊन आली. आत खाओ मोक काय, म्हणजे हळदीच्या भातात शिजवलेली कोंबडी. आपल्या बिर्याणीची तिकडची बहीण. सोबत पुदिन्याची आंबट-गोड चटणी. डबा ठेवून तिने आमच्याकडे बोट करून काहीतरी विचारले. भाच्याने भाषांतर केले, "पा विचारते, फोटोत नाव नीट दिसत नाहीये. आडनाव कोणतं आणि वडिलांचं नाव कोणतं?" जेवण आणि नोंदणी एकाच फेरीत! तिची नात मोबाइलवर अर्ज भरत होती. रात्री नऊच्या सुमारास पोच आली. आमची नावे, पासपोर्टचे क्रमांक आणि पत्ता. मीनबुरीत आम्ही आलो आहोत हे आता सरकारला ठाऊक झाले.

हा अर्ज टी.एम. ३० या नावाने तिथे ओळखला जातो. आपाच्या घरी पंधरा दिवस राहून आम्हाला जे कळले ते थोडक्यात सांगतो, कारण वाचकांपैकी कित्येकांची मुले, भाऊ, जावई परमुलखात आहेत आणि हे नियम एकमेकांत गुंतलेले आहेत.

थायलंडचा इमिग्रेशन कायदा १९७९ चा, तिकडच्या बुद्ध संवताने २५२२ चा. त्यातले ३८ वे कलम घरमालकासाठी आहे. आपल्या घरात, खोलीत किंवा हॉटेलात परदेशी माणूस उतरला की चोवीस तासांत कळवायचे. न कळवल्यास साध्या घरमालकाला दोन हजार बाथपर्यंत दंड, हॉटेलवाल्याला त्याहून जास्त. ३७ वे कलम परदेशी माणसासाठी आहे. तो सलग नव्वद दिवसांहून जास्त राहिला तर नव्वद दिवस भरताच 'मी अमुक पत्त्यावर राहतो' हे लेखी कळवायचे, आणि मग दर नव्वद दिवसांनी पुन्हा. पत्ता बदललेला नसला तरी. तो अर्ज टी.एम. ४७. मुदतीच्या पंधरा दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत अर्ज चालतो. त्यानंतर स्वतःहून गेलात तर दोन हजार बाथ दंड, आणि त्याआधी पोलिसांनी पकडले तर त्याहून अधिक. देश सोडून परत आलात तर मोजणी नव्याने एकपासून सुरू. आणि यातली गंमत अशी, की ही नोंदणी म्हणजे राहण्याचा परवाना नव्हे. परवाना वेगळा, तो दरवर्षी वाढवून घ्यावा लागतो. नोकरीचा परवाना आणखी वेगळा.

"म्हणजे वर्षातून चार वेळा सांगायचं, की मी अजून तिथंच आहे?" आम्ही विचारले.

"तिथंच आहे, आणि उद्याही तिथंच असेन, इन्शाअल्लाह," दुल्हाभाई म्हणाले.

फ्रिजच्या दारावर एक कॅलेंडर होते. त्यावर लाल शाईने वर्तुळे केलेली. आम्हाला वाटले, रमजान, ईद, मुलाच्या परीक्षा. जवळ जाऊन पाहिले तर २४ मे ला वर्तुळ, त्याच्यापुढे सात दिवस मोजून ३१ मे ला दुसरे वर्तुळ, आणि त्यावर फुली. ३१ मे शनिवार होता, कार्यालय बंद. म्हणजे खरी शेवटची तारीख शुक्रवार, ३० मे. आपा आणि भाचा २४ फेब्रुवारीला खेडहून परत आले होते, नव्वदावा दिवस २४ मे. मुदत संपण्याआधी ऑनलाइन अर्ज केलाही होता. पण मार्चमध्ये दोघांचे पासपोर्ट नवे झाले होते. नव्या पासपोर्टावरची पहिली नोंद कार्यालयात जाऊन करावी लागते, असे उत्तर बऱ्याच दिवसांनी आले. शिवाय जुन्या पासपोर्टावरचे शिक्के नव्यात उतरवून घ्यायचे होते. मधले दिवस दुल्हाभाईंच्या शाळेच्या परीक्षांत आणि आमच्या येण्याच्या गडबडीत गेले. त्यामुळे आमच्या सहलीतला एक दिवस सरकारी कचेरीत जाणार हे ठरले. आपाला वाईट वाटत होते. आम्हाला मात्र उत्सुकता होती. पर्यटकांना देवळे नि बाजार कुणीही दाखवतो!

शुक्रवारी सकाळी साडेसहालाच निघालो. मीनबुरी हे गुलाबी मार्गावरचे शेवटचे स्थानक. खांबांवरून धावणारी ही एकरुळी गाडी २०२४ पासून नियमित सुरू झाली आहे, आणि योगायोग असा, की तीच थेट चेंग वत्थना रस्त्यावरच्या सरकारी संकुलापर्यंत जाते. आधी तीन वाहने बदलावी लागत, आपा सांगत होती. खाली रामइंद्रा रस्त्यावर वाहनांची रांग, आणि आम्ही वरून, कौलांच्या, गच्च्यांच्या, सोनेरी शिखरांच्या उंचीवरून चाललेलो. भाचा शाळेचा दिवस बुडवून आला होता, म्हणून खुशीत. तेरा वर्षांचा मुलगा. इथेच जन्मलेला. थाई इतके सफाईदार बोलतो की दुकानदार त्याला दक्षिणेकडचा समजतात. मराठी त्याला आजीशी फोनवर बोलण्यापुरती येते, आणि उर्दू अब्बांनी, म्हणजे त्याच्या नान्यांनी, लहानपणी शिकवलेल्या दुआंपुरती.

गाडीतच त्याने आम्हाला विचारले, "मामू, मामी, खेडमध्ये तुम्ही पण दर नव्वद दिवसांनी सांगता?"

"कुणाला?"

"पोलिसांना. की तुम्ही घरी आहात."

आपा खिडकीबाहेर पाहू लागली. आम्ही सांगितले, की नाही, आम्हाला सांगावे लागत नाही, आमचे रेशनकार्ड आहे, मतदारयादीत नाव आहे. त्याने मान डोलावली. घरमालकिणीकडे निळे पुस्तक आहे तसेच ते असणार, असे त्याने मनाशी जुळवून घेतले. हे निळे पुस्तक, थाबियन बान, म्हणजे तिकडची घराची नोंदवही. कोण कोणत्या घरातला, हे त्यात लिहिलेले असते. टी.एम. ३० भरताना त्याची प्रत लागते. पाच्या घराच्या पुस्तकात तिच्या मुला-नातवंडांची नावे आहेत. आपाचा मुलगा त्याच आवारात वाढला, पण त्याचे नाव त्यात नाही. आईवडील तात्पुरत्या परवान्यावर असतील तर त्या देशात जन्मून नागरिकत्व मिळत नाही. तो हिंदुस्थानी आहे, जन्माची नोंद आपल्या दूतावासात झालेली. त्यामुळे जन्मला त्या गावात तोही दर नव्वद दिवसांनी पत्ता कळवतो.

सरकारी संकुल म्हणजे एक शहरच. 'बी' इमारतीच्या पोटात इतकी मोठी मोकळी जागा, की आमच्या तालुक्याची सगळी कार्यालये तीत मावावीत. तळमजल्यांवर खाण्याची दुकाने, फोटोवाले, झेरॉक्सवाले. इमिग्रेशनचा विभाग उघडायच्या आधीच रांग लागली होती. आपल्या तहसीलदार कचेरीबाहेर बसतात तसे अर्ज भरून देणारे नव्हते, पण झेरॉक्सच्या दुकानातली मुलगी त्यांचेच काम करत होती. कोणता कागद हवा, कुठे सही करायची, सगळे तिला पाठ. आपाने प्रत्येक पानावर सही केली. भाच्याच्या अर्जावर आईची सही.

टोकन मिळाले. आमच्या पुढे साठ-सत्तर माणसे होती. बसायला जागा मिळाली आणि मग आम्ही नुसते पाहत राहिलो. एक युरोपी म्हातारा, हातात पारदर्शक पिशवीत कागद, प्रत्येक कागदाला चिकटवलेली रंगीत चिठ्ठी. निवृत्त होऊन राहायला आला असावा. बर्मी तरुणांचा गट आणि त्यांच्याबरोबर सगळ्यांचे पासपोर्ट रबरबँडमध्ये बांधून घेतलेला एजंट. एक जपानी बाई, शांतपणे लोकर विणत बसलेली. दोन आफ्रिकी विद्यार्थी. या सर्वांचे म्हणणे एकच होते, की आम्ही कुठे राहतो ते लिहून घ्या. आपाने आम्हाला सांगितले, की बाकी देशांतही असे काही ना काही असतेच. अमेरिकेत परदेशी माणसाने घर बदलले की दहा दिवसांत कळवावे लागते, जपानमध्ये चौदा दिवसांत वॉर्डाच्या कार्यालयात. फरक इतकाच, की तिथे घर बदलले की सांगायचे. इथे न बदलताही.

आणि मग तिने आम्हाला २०१९ ची गोष्ट सांगितली. तिच्यातला एक भाग आम्हाला ठाऊक होता, एक नव्हता.

त्या वर्षी अब्बा गेले. आम्ही फज्रनंतर आपाला फोन केला. दफन जोहरनंतर ठरले होते, आणि ती तोवर पोचणार नाही हे तिलाही माहीत होते आणि आम्हालाही. तरी ती निघाली. टॅक्सीत बसल्यावर दुल्हाभाईंना आठवले, की परत येण्याची परवानगी काढलेली नाही. वर्षाचा परवाना हातात असला तरी 'री-एंट्री परमिट' न घेता देश सोडला तर तो परवाना तिथेच संपतो. एका वेळच्या परवानगीला एक हजार बाथ, अनेक वेळच्या परवानगीला तीन हजार आठशे. सुदैवाने ती विमानतळावरही मिळते. आपा मुलाला कडेवर घेऊन त्या खिडकीसमोर उभी राहिली. सात वर्षांचा मुलगा कडेवर घ्यायचा नसतो, पण तो रडत होता. अर्ज भरताना 'जाण्याचे कारण' या रकान्यात तिला काही सुचेना. "खिडकीमागच्या पोरीने माझ्या हातातलं पेन घेतलं," आपा म्हणाली, "आणि स्वतः लिहिलं. काय लिहिलं कोण जाणे. फोटो हवा होता, माझ्याकडे नव्हता. तिनेच कुठं काढायचा ते दाखवलं." विमान मिळाले. रात्री उशिरा ती खेडला पोचली तेव्हा कबरीवरची माती ओली होती. हे आम्हाला ठाऊक होते.

ठाऊक नव्हते ते पुढचे. तेव्हा ते बँकॉकच्या बाहेर, एका दुसऱ्या जिल्ह्यात भाड्याने राहत होते. सहा वर्षे एकाच घरात. आपा चाळीस दिवसांनी परत गेली. त्या वर्षी तिकडे टी.एम. ३० ची फार कडक अंमलबजावणी सुरू झाली होती. माणूस बाहेर जाऊन परत त्याच घरी आला तरी घरमालकाने नवी नोंद करायची. परदेशी लोकांनी इतकी ओरड केली, की परदेशी पत्रकारांच्या क्लबात अधिकाऱ्यांना बोलावून त्यावर चर्चा झाली. पुढे २०२० मध्ये त्याच पत्त्यावर परतणाऱ्यांसाठी नियम सैल केला. पण ते नंतर. आपाच्या घरमालकाने नोंद करायला साफ नकार दिला. कारण सरळ होते. घर भाड्याने दिले आहे हे त्याने सरकारला कधी सांगितलेच नव्हते. नोंद केली असती तर भाड्यावरचा कर भरावा लागला असता. महिन्याभराने वर्षाचा परवाना वाढवायला गेले तर खिडकीतून कागद परत आले. नोंद नाही तर वाढ नाही. मुदत संपायला नऊ दिवस होते.

"त्या नऊ दिवसांत मी अब्बांसाठी रडलेसुद्धा नाही," आपा म्हणाली. "घर शोधत फिरत होते."

दुल्हाभाईंच्या शाळेतल्या एका शिपायाची मावशी मीनबुरीत राहत होती. त्याने फोन केला. पा स्वतः रिक्षातून, म्हणजे तिकडच्या तुकतुकमधून, निळे पुस्तक आणि ओळखपत्र घेऊन आली. घर पाहण्याआधी, भाडे ठरण्याआधी तिने कागदांच्या प्रती काढून दिल्या आणि म्हणाली, नोंद आजच करा, घर नंतर बघा. मुदतीच्या दोन दिवस आधी परवाना वाढला. मुलाची शाळा वाचली. जुन्या घरातली अनामत रक्कम मात्र बुडाली. ती मागायला गेले तेव्हा घरमालक म्हणाला, तुम्हीच घर सोडलंत.

आम्ही फोनवर दर आठवड्याला बोलत होतो. अम्मी विचारायच्या, कशी आहेस? आपा म्हणायची, अल्हम्दुलिल्लाह, घर बदललंय, मोठं आहे, मागे कालवा आहे. आम्हाला तेव्हा जरासा रागच आला होता, की अब्बांना जाऊन तीन महिने झाले नाहीत तर हिला मोठे घर सुचते! हे आम्ही तिला त्या बाकावर बसून सांगितले. ती हसली. "मला कळलं होतं," म्हणाली. "पण अम्मीला काय सांगणार होते? टी.एम. तीस?"

पावणेबाराला आमचा नंबर लागला. बाराला जेवणाची सुट्टी, त्यामुळे आपा खिडकीकडे जवळजवळ धावली. शिक्क्यांचे काम दुसऱ्या खिडकीवर आधीच झाले होते. खिडकीमागे गणवेशातली तरुण अधिकारी. तिने आपाचा अर्ज पाहिला, संगणकात तारीख पाहिली, मग बोटांवर मोजले. अगदी बोटांवर, आपण मोजतो तसे. २४ तारखेपासून सहा दिवस. एक दिवस उरला होता. तिने आपाकडे पाहून थाईत काही म्हटले. आपाने दोन्ही हात जोडून मान लववली. नंतर कळले, की ती म्हणाली होती, पुढच्या वेळी इतकं थांबू नका, मावशी.

मग भाच्याचा अर्ज. ती त्याच्याशी इंग्रजीत बोलली, तो थाईत उत्तरला. तिने चमकून वर पाहिले आणि विचारले, तू कुठला?

"मीनबुरीचा," तो म्हणाला.

पासपोर्ट तिच्या हातातच होता. निळा, वर अशोकस्तंभ. तिने तो पाहिला, त्याच्याकडे पाहिले आणि मान हलवून अर्जावर शिक्का मारला. खालचा तुकडा कापून पासपोर्टाच्या पानाला स्टेपल केला. त्यावर पुढची तारीख होती.

बाहेर आलो तेव्हा बाराला पाच कमी होते. जुम्याची नमाज मीनबुरीला गाठायची होती. परतीच्या गाडीत आपाने डबा उघडला, पण गाडीत खायला मनाई. मग स्थानकाबाहेर उभ्याउभ्याच चपातीचे रोल खाल्ले आणि रिक्षा केली. कालव्याकाठची मशीद भरली होती. आत माणसे, बाहेर मांडवाखाली माणसे, कालव्याच्या पायऱ्यांवर वुजू करणारी मुले. खुतबा थाईत, आयती अरबीत. शेजारी बसून भाचा हळू आवाजात भाषांतर करत होता आणि मधेच अडकत होता, कारण थाई शब्दाला मराठी शब्द त्याला सापडत नव्हता. आम्ही म्हटले, राहू दे, कळतंय. बायकांच्या बाजूला पा होती. नमाजेनंतर तिने पहिला प्रश्न आपाला विचारला तो हाच, की झालं का? आपाने पासपोर्टातला तुकडा दाखवला. पाने तो चष्मा लावून वाचला आणि मग ती मस्समन रस्स्याची पातेली उघडायला गेली. मस्समन म्हणजे मुसलमान. आपले नाव तिकडे एका रश्श्याला पडले आहे.

बाकीचे दिवस आम्ही बाजार पाहिले, नदीतून फिरलो, भाच्यासाठी मराठी गोष्टींची पुस्तके नेली होती ती वाचून दाखवली. त्याबद्दल लिहिण्यासारखे फारसे नाही. ती बँकॉक सगळ्यांनी पाहिलेली आहे.

परत आल्यावर जूनच्या पहिल्या पावसात आमच्या मोहल्ल्यात केपटाउनहून एक पाहुणे आले. खेड-चिपळूणकडच्या कोकणी कुटुंबांची तिकडे मोठी वस्ती आहे हे वाचकांना ठाऊक आहेच. पणजोबांचे घर पाहायला आलेले, दक्षिण आफ्रिकेचा पासपोर्ट, पर्यटकाचा व्हिसा. शेजाऱ्यांनी त्यांना वरच्या खोलीत उतरवले, कोंबडी कापली. दोन दिवसांनी आम्ही भेटायला गेलो आणि आमच्या तोंडून निघून गेले, "फॉर्म सी भरला का?" सगळे आमच्याकडे पाहू लागले. घरात परदेशी नागरिक राहायला आला तर घरमालकाने चोवीस तासांच्या आत कळवायचे, हा नियम आपल्याकडेही आहे. तो फक्त हॉटेलांसाठी असतो असे आपल्याला वाटते. सहा महिन्यांहून मोठ्या मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला तर बहुधा पहिल्या चौदा दिवसांत स्वतःचीही नोंदणी करावी लागते. ओ.सी.आय. कार्ड असेल तर त्या नोंदणीतून सुटका. हे सगळे आम्हाला चाळीशी उलटेपर्यंत माहीत नव्हते, आणि काही वर्षांपूर्वी आमच्याच एका नातेवाइकाला इंग्लंडचा भाचा घरी ठेवल्यावर पोलीस ठाण्याच्या चार फेऱ्या माराव्या लागल्या, तेव्हाही आम्ही ते नीट समजून घेतले नव्हते.

शेजाऱ्यांच्या मुलाने संगणक उघडला. पाहुण्यांनी पासपोर्ट दिला. देताना ते जरा ओशाळले, जसे आम्ही ओशाळलो होतो. पत्त्याच्या रकान्यात मुलाने विचारले, काय लिहू? घराला नंबर होता, पण तो कुणाच्या लक्षात नव्हता. पोस्टमन नावाने पत्र आणतो. शेवटी घरपट्टीची पावती शोधून काढली.

रात्री आपाला फोन करून हे सांगितले. ती खूप हसली. मग म्हणाली, थांब, आणि फोन मुलाकडे दिला. तो फ्रिजजवळ उभा होता. ऑगस्टचे पान उलटून तो लाल शाईने वर्तुळ करत होता, आणि मराठीत मोठ्याने मोजत होता. एकोणतीसनंतर तो अडला. पलीकडून आपा म्हणाली, तीस.